रिकाम्या हॉलमधला चहा

बशीमामांनी उभ्या आयुष्यात कुणाला बशीशिवाय कप दिला नाही. मंत्री असो, मंत्र्याचा ड्रायव्हर असो, की नळ दुरुस्त करायला आलेला माणूस असो, कपाखाली बशी आलीच पाहिजे. बशी नसली की चहा दिल्यासारखा वाटत नाही, हातावर ठेवल्यासारखा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून सरकारी विश्रामगृहातल्या कुणीतरी त्यांना बशीमामा म्हणायला सुरुवात केली आणि त्यांचं खरं नाव कागदोपत्रीच उरलं. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो बशी, ऐकू येतंय का?"

आता अशा माणसाचं राजकारणाशी काय देणंघेणं? काही नाही. मामांनी सरकारं येताना पाहिली, जाताना पाहिली, आणि प्रत्येकाला साखर किती लागते ते लक्षात ठेवलं. आत काय बोलणं झालं असं कुणी विचारलं तर ते कानांवर हात ठेवत. त्यात लबाडी नव्हती. चहा ठेवून बाहेर यायचं आणि दार लावून घ्यायचं, हा विश्रामगृहाचा नियम होता आणि नियम म्हटला की मामा देवाच्या आज्ञेसारखा पाळत. दुसरा नियम फोनचा. हॉलमध्ये शिरणाऱ्यानं आपला फोन दाराबाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचा. ट्रे मामांच्या ताब्यात. फोन वाजला तर वाजू द्यायचा, त्याला कुणी बोटही लावायचं नाही. त्या ट्रेमध्ये मोठमोठ्या लोकांचे फोन उलट्या पडलेल्या झुरळांसारखे थरथरत राहत आणि मामा शेजारी हाताची घडी घालून उभे असत.

विश्रामगृह दुमजली, समोर शहरातला सगळ्यात मोठा चौक. वरच्या मजल्यावर मधोमध बैठकीचा हॉल आणि दोन टोकांना दोन खोल्या. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, पण तिथून हॉलमध्ये यायचं तर चौकाकडच्या उघड्या गॅलरीतूनच यावं लागे. बांधणाऱ्यानं हे असं का केलं कोण जाणे. त्याच्या घरी बहुतेक कधी पाहुणे येत नसावेत. पण त्यामुळे झालं असं, की हॉलमध्ये चहा चाललाय हे साऱ्या चौकाला दिसे. आणि बैठक संपली हेही दिसे, कारण बैठक, मग ती चार दिवस का चालेना, पुरती उठली की मामा टेबलावरचा लांबच लांब पांढरा टेबलक्लॉथ काढत, खळबळून धूत आणि गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकत. समोरच्या दुकानांत टेकलेले ड्रायव्हर ते कापड बघून उठायचे आणि गाड्या चालू करायचे. वर्षानुवर्षांची रीत होती ती. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती.

मग सरकारनं निवडणूक पुढे ढकलली. एकदा ढकलली तेव्हा लोक कुरकुरले. दुसऱ्यांदा ढकलली तेव्हा चौकात येऊन बसले. पोलिसांनी त्यातल्या काहींना उचललं, तेव्हा बसलेल्यांची संख्या दुप्पट झाली. विरोधी पक्ष एरवी एकमेकांची तोंडं बघत नसत, ते सगळे एका निवृत्त मास्तरांना पुढे करून एकत्र आले. सरकारनंही एका मंत्र्याला नेमलं आणि बोलणी करायची ठरली. कुठे? तर बशीमामांच्या हॉलमध्ये.

आणि चौकात बसलेल्यांमध्ये मामांची मुलगी होती.

मुलगी एका छापखान्यात अक्षरजुळणी करायची. काम सुटलं की घर, घर सुटलं की काम, असं तिचं सरळ चाललेलं. पण तिच्याच छापखान्यातला एक जण पोलिसांनी उचलला आणि दुसऱ्या दिवशी ती कामावरून परस्पर चौकात गेली. एक जाड शाल, पाण्याची बाटली आणि आईच्या नाकावर टिच्चून. आई रडली, ओरडली, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. पोरीनं एवढंच सांगितलं, "बोलणी चालू आहेत तोवर मी तिथून उठणार नाही. जमली की येईन, मोडली तरी येईन. पण मधेच येणार नाही."

"अहो, तुम्ही आत असता ना? तुम्हाला कळतं ना सगळं?" मामी रोज सकाळी डबा भरताना विचारायची. "काय चाललंय सांगा तरी तिला. उघड्यावर झोपून खोकला धरलाय पोरीनं."

"मला काय कळणार? मी बाहेर असतो."

"एवढी वर्षं तिथे राबताय, आणि म्हणे बाहेर असतो!"

मामा डब्याचं झाकण दाबून बसवत. ते डबा घेऊन निघत.

पहिले दोन दिवस बरे गेले. म्हणजे कप रिकामे परत आले, यावरून मामांनी ते ठरवलं. तिसऱ्या दिवशी कप भरलेले परत आले. त्यानंतर दार धाडकन उघडलं, मास्तर काठी आपटत बाहेर पडले आणि पूर्वेच्या खोलीत गेले. मंत्री उलट्या दिशेनं पश्चिमेच्या खोलीत गेले. सरकार म्हणे, आधी चौक रिकामा करा, मग माणसं सोडतो. मास्तर म्हणे, आधी माणसं सोडा, मग चौक रिकामा करतो. यात मामांना दोघांचंही खरं वाटलं आणि दोघांचंही खोटं वाटलं. घरी मामीचं आणि मुलीचं भांडण लागलं की त्यांना नेमकं असंच व्हायचं.

दुपारची चहाची वेळ झाली. हॉलमध्ये चिटपाखरू नाही, म्हणून मामांनी चहा टाकला नाही. थोड्या वेळानं चौकातून गलका ऐकू यायला लागला. तेवढ्यात विश्रामगृहाचे व्यवस्थापक धापा टाकत स्वयंपाकघरात आले.

"मामा, चहा न्या!"

"कुणाला?"

"हॉलमध्ये."

"हॉलमध्ये कुणी नाहीये, साहेब."

"म्हणूनच न्या! खाली लोक विचारतायत आज चहा का गेला नाही. बोलणी थांबली असं एकदा त्यांच्या कानावर गेलं, तर चौक पेटेल. आणि वरून हुकूम असा आहे की बोलणी मोडली असं जाहीर झालं की पोलिसांनी चौक मोकळा करायचा. काठ्या घालून. कळतंय का?"

मामांना कळलं. चौकात कोण बसलंय हे व्यवस्थापकांना माहीत नव्हतं, पण मामांना चांगलंच माहीत होतं. त्यांनी पाणी उकळायला ठेवलं, कप मांडले, प्रत्येकाखाली बशी ठेवली, ट्रे उचलला आणि गॅलरीतून हॉलकडे निघाले. खाली चौकात टाळ्या पडल्या.

आत गेल्यावर मात्र पंचाईत झाली. समोर रिकाम्या खुर्च्या. कप तसेच ठेवून द्यावेत, तर ते फसवल्यासारखं होईल. कुणाला फसवल्यासारखं, हे त्यांना सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी नेहमीसारखा प्रत्येक जागेपुढे कप ठेवला, चहा ओतला, मंत्र्यांच्या कपात दोन चमचे साखर घातली, मास्तरांचा बिनसाखरेचा ठेवला, आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आत जाऊन गार चहा बेसिनमध्ये ओतला आणि कुणाचेही ओठ न लागलेले कप घासून ठेवले. स्वच्छ कप घासताना माणसाला आपण वेडे झालोय की काय असं वाटतं. मामांना वाटलं.

संध्याकाळी मास्तरांच्या खोलीत पाणी द्यायला गेले तेव्हा त्यांना वाटलं, हा माणूस तरी चिडेल, निदान म्हणेल की हे काय नाटक. मास्तर खिडकीशी उभे होते. पाठमोरेच म्हणाले, "चहा नेत राहा, बशीमामा. तूर्त तेच बरं."

म्हणजे सरकारही तेच म्हणतंय आणि विरोधकही तेच! मग भांडण कशाचं? दोघांचं एवढं एकमत आहे तर दोघं एका खोलीत का बसत नाहीत? मामांच्या डोक्याचा पार भुगा झाला. त्यांनी मास्तरांपुढे पाण्याचा पेला ठेवला, अर्थातच खाली बशी ठेवून, आणि ते बाहेर आले.

घरी जायला निघाले की फाटकाशी मुलगी उभी असे. शालीत गुंडाळलेली, डोळे तारवटलेले, पण चेहऱ्यावर असं काही तेज की मामांना तिची भीतीच वाटावी.

"बाबा, आज बसले का?"

आता बापानं काय म्हणावं? हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर काठ्या, आणि सगळ्यात पुढे हीच. खरं सांगून हिला एकटीलाच हळूच घरी न्यावं, तर ही एकटी येणारी पोर नाही. ही आधी मागे वळून सगळ्यांना सांगणार आणि मगच निघणार. मामा घुटमळले आणि म्हणाले, "चहा नेला."

"किती वेळा?"

"दोनदा."

पोरीचा चेहरा उजळला. ती वळून ओरडली, "चहा गेला रे! दोनदा गेला!" आणि मागच्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, "नक्की का?" त्यावर ती म्हणाली, "माझे बाबा सांगतायत. माझे बाबा खोटं बोलत नाहीत."

मामा मान खाली घालून घरी आले. चहा नेला हे खोटं थोडंच होतं? नेला होताच. स्वतःच्या हातानं नेला होता. मग ते जेवले का नाहीत, असं मामीनं विचारलं तेव्हा त्यांना सांगता येईना.

असं रोज सुरू झालं. सकाळ-दुपार मामा रिकाम्या हॉलमध्ये चहा नेत. रेडिओवर सांगत, बोलणी सौहार्दाच्या वातावरणात सुरू आहेत. वातावरणात सौहार्द होतंच म्हणा, कारण आत माणूसच नव्हता. चौकात मामांचा भाव भलताच वधारला. लोक ट्रेवरून अंदाज बांधू लागले. मामा भरभर चालले की म्हणत, आत काहीतरी तातडीचं ठरतंय. हळू चालले की म्हणत, चर्चा खोलात गेली. एके दिवशी मामांच्या पायाला फोड आला होता म्हणून ते लंगडत गेले, तर संध्याकाळपर्यंत अफवा, की मास्तरांनी मोठी माघार घेतली. शेजारीपाजारी निराळेच. जे सरकारच्या बाजूचे ते मामांना म्हणत, "पोर तिकडे आणि बाप इकडे, बरी सोय केलीत!" जे विरोधकांच्या बाजूचे तेही नेमकं हेच म्हणत. मामा दोघांनाही चहा घेणार का, एवढंच विचारत.

खरं तर त्यांना संताप येत होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. व्यवस्थापकांवर काढावा तर ते बिचारे दंगल टाळतायत. मास्तरांवर काढावा तर ते म्हाताऱ्या वयात पोरांची डोकी वाचवतायत. मंत्र्यांवर काढावा तर ते दिवसभर खोलीत फेऱ्या घालतायत आणि दर तासाला वरून फोन आला की "होय, होय" म्हणतायत. म्हणजे वाईट कुणीच नाही. आणि तरी रोज फाटकाशी आपली पोर आपल्या शब्दावर उभी राहून शेकडो लोकांना खोटं सांगतेय, आणि तिचा खोकला वाढतोय. यातली चूक धरायची कुठे? आपणच ट्रे उचलतो, तेव्हा आपलीच असावी, असं मामांना वाटे. मग वाटे, ट्रे खाली ठेवला तर काय होईल? आणि ते तो पुन्हा उचलत.

एका सकाळी मामा कामावर आले, तेव्हा ती फाटकाशी दिसली नाही. तिच्याऐवजी एक दुसरी मुलगी आली आणि म्हणाली, "काका, तिला ताप भरलाय. शाल पांघरून पडलीय. घरी जा म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, चहा जातोय ना, मग मी कशी जाऊ?"

मामांनी काही न बोलता वर जाऊन चहा टाकला. ट्रे घेऊन गॅलरीतून गेले, खाली टाळ्या झाल्या. आत जाऊन त्यांनी सगळे कप भरले. आणि मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. टेबलाशी खुर्ची ओढून बसले. कुणाच्या बाजूला बसलो हेही त्यांनी पाहिलं नाही. चहा जातोय ना, मग मी कशी जाऊ. समोरच्या कपातून वाफ निघत होती आणि मामांना रडू येत होतं. त्यांनी चेहरा पुसायला हात उचलला, कोपर कपाला लागलं, कप कलंडला, त्यानं शेजारचा पाडला, आणि चहाचा ओघळ पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पसरत गेला.

आता डाग पडला की काय करायचं हे मामांच्या हातांना विचारावं लागत नाही. डाग बसायच्या आत कापड पाण्यात गेलं पाहिजे. मामांनी भराभर कप बाजूला केले, टेबलक्लॉथ ओढला, नळाखाली धरला, चोळला, पिळला, आणि गॅलरीत येऊन झटकून कठड्यावर टाकला. वर पुन्हा दोन्ही टोकं सारखी केली. नीट पडलंय ना म्हणून एक पाऊल मागे सरून बघितलं.

तेव्हा कुठे त्यांना कळलं आपण काय करून बसलो ते.

चौकातल्या माना एकदम वर वळल्या. मग कुणीतरी ओरडलं, "उठली! बैठक उठली!" दुसरा ओरडला, "मोडली! बोलणी मोडली!" पण चौकात बाहेरगावचे लोकही खूप होते. त्यांना विश्रामगृहाची रीत ठाऊक नव्हती, त्यांना एवढंच दिसलं की सरकारी इमारतीवर भलंमोठं पांढरं निशाण लागलंय. ते नाचायलाच लागले. "झुकलं! सरकार झुकलं!" म्हणजे डावीकडे लोक एकमेकांना मिठ्या मारतायत, उजवीकडे लोक चपला आणि दगड शोधतायत, आणि मधे उभे असलेले दोन्हीकडे बघून विचारतायत की हसायचं का रडायचं. पोलिसांची रांग हलली. त्यांच्या अधिकाऱ्यानं कानाला फोन लावला.

दोन्ही टोकांच्या खोल्यांची दारं एकदम उघडली. इकडून मास्तर आपल्या माणसांसह, तिकडून मंत्री आपल्या माणसांसह, धावतच हॉलपाशी आले. दोघांनाही वाटलं, कापड दुसऱ्यानंच टाकायला लावलं. पण सवय कशी असते बघा. एकमेकांचा गळा धरायला निघालेली माणसं, दाराशी आल्यावर मामांनी सवयीनं फोनचा ट्रे उचलून पुढे धरला, आणि प्रत्येकानं खिशातून फोन काढून त्यात टाकला. मग आत गेले आणि तिथे कडाक्याचं भांडण सुरू झालं.

"हे तुमचं काम!"

"आमचं? आम्हाला काय वेड लागलंय? हे तुमचंच!"

मामांच्या हातातला ट्रे थरथरायला लागला. आधी त्यांना वाटलं आपलाच हात कापतोय. पण मंत्र्यांचा फोन वाजत होता. गॅलरीतून खाली पाहिलं तर पोलिस अधिकारी फोन कानाशी धरून वर बघत होता. त्याला हुकूम हवा होता. मामांनी दाराकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. आत जाऊन सांगावं का, साहेब, तुमचा फोन? मागे एका खात्याच्या बैठकीत त्यांनी तसं एकदा सांगितलं होतं आणि बोलणी खाल्ली होती. नियम म्हणजे नियम. फोन थांबला. पुन्हा वाजला. मामांनी त्याला बोट लावलं नाही. त्यांनी हे नियमासाठी केलं की पोरीसाठी, हे पुढे चौकशीत त्यांना फार वेळा विचारलं गेलं. त्यांनी दर वेळी नियम असंच उत्तर दिलं, आणि दर वेळी ते स्वतःच संशयानं ऐकलं.

"बाबा!"

खालून हाक आली. मामांनी ट्रे तसाच धरून कठड्याशी धाव घेतली. तापानं लाल झालेली त्यांची पोर फाटकाच्या दगडी खांबावर चढली होती. एका हातानं लोखंडी गज धरलेला, दुसरा हात वर, मागच्या लोकांना थांबा म्हणून.

"थांबा! कुणी हलू नका! माझे बाबा वर आहेत, ते सांगतील!" मग वर बघून, घसा फाटेस्तोवर, "बाबा, खरं काय ते सांगा! जमली की मोडली?"

सगळा चौक मामांकडे बघत होता. पोलिसही बघत होते. मामांच्या मनात आलं, चहा नेला असं म्हणावं. सवयीनं ओठांवर आलंच होतं. पण पोरीचे डोळे एवढे विश्वासानं वर लागले होते की त्यांना ते शब्द गिळवेनात आणि बोलवेनातही. आणि मग ते बोलले. पुढचं त्यांना फारसं आठवत नाही, बाकी सगळ्यांना आठवतं.

"जमली नाही आणि मोडलीही नाही, पोरी! बोलणी नव्हतीच! तिसऱ्या दिवशी दुपारपासून आत कुणी बसलंच नाही! मी रोज चहा नेला, पण प्यायला कुणी नव्हतं! मीच नेला आणि मीच ओतून दिला!"

हॉलमधलं भांडणही थांबलं होतं. आतही ऐकू गेलं होतं.

गर्दीतून एक जाडा आवाज आला, "मग हे पांढरं काय लावलंय?"

"चहा सांडला म्हणून धुतलं!"

"आत कुणी नव्हतं तर सांडला कुणी?"

"मीच!" मामा ओरडले. "माझंच कोपर लागलं!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारचा हसला. आणि मग ते हसणं असं पसरत गेलं की दगड उचललेल्यांचे हात आपोआप खाली आले, कारण हसता हसता दगड मारता येत नाही. पोलिसांच्या रांगेतही दोघंतिघं ढालीमागे तोंड लपवून हसत होते. अधिकाऱ्यानं फोनकडे पाहिलं आणि तो खिशात टाकला.

"आणि आता?" त्याच जाड्या आवाजानं विचारलं. "आता आहे का कुणी आत?"

मामांनी मागे वळून पाहिलं. दारातून सगळं दिसत होतं. उघडंबोडकं लाकडी टेबल, त्यावर जुन्या बैठकांचे चरे. एका बाजूला मंत्री उभे, दुसऱ्या बाजूला मास्तर उभे. दोघांचेही चेहरे चोरी पकडलेल्या मुलांसारखे.

"आता आहेत," मामा म्हणाले. "दोघंही आहेत. हे मी डोळ्यांनी बघतोय."

"मग चहा न्या!" चौक ओरडला. हसत, टाळ्या वाजवत, शेकडो लोक एका सुरात, "चहा न्या! चहा न्या!"

मास्तरांनी काठी टेबलाला टेकवली आणि खुर्चीत बसले. मंत्री जरा वेळ उभे राहिले. मग तेही बसले. आता उठून कुठे जाणार? मामांनी नवा चहा टाकला, बशा मांडल्या, आणि ट्रे घेऊन गॅलरीतून गेले. एवढ्या टाळ्या त्यांच्या उभ्या आयुष्यात झाल्या नव्हत्या. पण त्यांचं लक्ष फाटकाकडे होतं. सगळा चौक हसत होता आणि खांबावरची त्यांची पोर तेवढी हसत नव्हती. ती तोंडावर हात ठेवून वर बघत होती. मग ती सावकाश खाली उतरली, शाल डोक्यावरून घेतली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

त्या दिवशी कप रिकामे परत आले. काय ठरलं ते मामांना कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर पुढे कुणालाच धड कळलं नाही. थोडी माणसं सुटली, थोडी राहिली. निवडणुकीची एक तारीख आली, मग दुसरी आली. आपण जिंकलो असं दोन्ही बाजू सांगतात आणि आपण फसलो असंही दोन्ही बाजू सांगतात. मामांनी तर तो नादच सोडला.

ते घरी पोचले तेव्हा नुकतं ऊन उतरलं होतं. दार मामीनं उघडलं. तिचा चेहरा फुलला होता. "आलीय," ती कुजबुजली. "आपणहून आलीय. औषध घेतलं, जेवली. तुम्ही सांगितलंत का काही तिला?"

मामा आत गेले. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. जिला घरी आणायचं म्हणून रोज जीव टांगणीला लागला होता, ती समोर बसली होती, आणि मामांना तिच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी दुसरं काय करावं? त्यांनी चहा केला. कपाखाली बशी ठेवली आणि तिच्यापुढे धरला.

तिनं कप घेतला नाही. आधी त्यात डोकावून बघितलं. मग मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"रोज विचारत होते मी तुम्हाला," ती म्हणाली. "रोज."

"हो."

"आणि मी सगळ्यांना सांगत होते."

"हो, पोरी."

मामांचा हात अवघडला, पण त्यांनी कप खाली ठेवला नाही. मग तिनं विचारलं, "हा तरी खरा आहे ना, बाबा?"

ती थट्टेनं म्हणाली की रागानं, हे मामांना कळलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते तापाचंही असेल. ओठ किंचित वाकडे झाले होते, पण ते हसण्यासाठी की रडण्यासाठी, कोण सांगणार. इतक्या दिवसांत त्यांना कशाचाच पत्ता लागला नव्हता, आणि याचाही लागला नाही.

"खरा आहे," मामा म्हणाले. "तुझ्यासाठी केलाय."

तिनं बशीसकट कप हातात घेतला. लगेच प्यायली नाही, नुसता धरून बसली. मामाही तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि ती पिते का, याची वाट बघू लागले.